सर्व्हर कोण सांभाळणार?

१ मे २०२३ रोजी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाच्या ॲपमध्ये खातं उघडण्याचा पहिलाच पडदा बदलला. तोवर नव्या माणसाला आधी एक यादी दिसायची: इतके सर्व्हर आहेत, यातला तुझा कोणता ते ठरव. त्या दिवसापासून वर एक ठळक बटण आलं, थेट मॅस्टोडॉन डॉट सोशलवर नेणारं. दुसरा सर्व्हर शोधायची वाट त्याच्या खाली गेली. मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सर्व्हर मॅस्टोडॉन बनवणारी संस्थाच चालवते. ज्या जाळ्याचा सगळा अभिमान 'इथे मध्यभागी कुणी बसलेलं नाही' या गोष्टीचा, त्याने दारातच मध्य आखून दिला. जुन्या लोकांनी त्यावर रागाने खूप लिहिलं. तो राग मला पटतो. पण बदल करणाऱ्यांची अडचणही मला तितकीच खरी वाटते. या दोहोंच्या मध्ये बराच काळ घुटमळल्यावर मला असं वाटायला लागलं आहे, की भांडण बटणावरून होतंय, दुखणं मात्र दुसरीकडेच आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन बाहेर आणलं. दिसायला ट्विटरसारखं: चार ओळी लिहा, कुणाला फॉलो करा, कुणाचं पुढे पाठवा. फरक आतल्या रचनेत आहे. कुणीही स्वतःचा सर्व्हर उभा करावा, त्याचे नियम स्वतः ठरवावेत, आणि तरीही तिथल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता यावं. हे बोलणं ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीवर चालतं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. ती भाषा बोलणारे सगळे सर्व्हर, मग ते मॅस्टोडॉनचे असोत, चर्चांसाठीच्या लेमीचे असोत की व्हिडिओसाठीच्या पीअरट्यूबचे, मिळून जे जाळं बनतं ते फेडिव्हर्स. मी स्वतः एका लहान सर्व्हरवर आहे आणि तिथे मला करमतं.

२७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतलं, आणि लोक बाहेर पडायला लागले. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॅस्टोडॉनवर महिन्याला वावरणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली, असं रोख्को यांनीच नंतर लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यातले बरेच जण दिसेनासे झाले, पण पूर्वीच्या कितीतरी पट माणसं टिकली. गॅरेथ टायसन, निशांत शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरून मॅस्टोडॉनवर आलेल्या १,३६,००९ जणांचा माग काढला. त्यातले ९६ टक्के लोक आकाराने सर्वांत मोठ्या २५ टक्के सर्व्हरांवर उतरले होते. हजारो दारं उघडी असताना गर्दी त्यातल्या मोजक्याच दारांतून आत आली.

याच मंडळींपैकी काहींनी २०१९ मध्येही मॅस्टोडॉनची मोजणी केली होती आणि तेव्हाच म्हटलं होतं, की या रचनेत पुन्हा एकवटण्याकडे नेणारा ओढा मुळातच आहे. म्हणजे मे २०२३ च्या त्या बटणाने ओढा निर्माण केला नाही. तो आधीपासून होता.

ट्विटरवरून आलेल्यांच्या त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, पण तिचा उल्लेख फारसा होत नाही. जे एकट्यापुरता सर्व्हर चालवत होते, ते मोठ्या सर्व्हरवरच्या लोकांच्या दुपटीहून अधिक लिहीत होते, जास्त लोकांना फॉलो करत होते, आणि त्यांना फॉलोअरही जास्त होते. म्हणजे डोकी मोठ्या सर्व्हरवर, पण माणशी बोलणं लहान सर्व्हरवर अधिक. यातून 'लहान सर्व्हरवर गेलात की तुम्ही बहराल' असा निष्कर्ष मी काढणार नाही. स्वतःचा सर्व्हर लावण्याइतका उत्साह ज्याच्यात आहे तो कुठेही गेला तरी लिहिणारच. पण लहान जागा मुळात निर्जीव असते, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग लोक मोठ्याकडेच का जातात? सवय, आळस, नावाची ओळख ही कारणं आहेतच. याहून मोठं कारण यंत्रणेच्या पोटात आहे, आणि जे लहान सर्व्हरवर कधी राहिले नाहीत त्यांना ते दिसत नाही.

फेडिव्हर्समध्ये सगळ्यांचं सगळं लेखन एका ठिकाणी साठलेलं नसतं. माझ्या सर्व्हरला तेवढंच ठाऊक असतं जेवढं त्याच्याकडे कुणीतरी आणलं. इथल्या एखाद्याने बाहेरच्या एखाद्या लेखिकेला फॉलो केलं, की त्यानंतरचं तिचं लेखन इथे यायला लागतं. कुणीच फॉलो केलं नाही तर ती या सर्व्हरच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. एखाद्या चर्चेला दुसरीकडे तीसेक उत्तरं आलेली असतात आणि माझ्या पडद्यावर चारच दिसतात, कारण बाकीची देणाऱ्यांना इथून कुणी ओळखत नाही. शोधाचंही तेच. मोठ्या सर्व्हरवर लाखो लोकांनी लाखोंना फॉलो केलेलं असतं, त्यामुळे तिथे कुठलाही हॅशटॅग टाका, काहीतरी हाताला लागतं. लहान सर्व्हरवर रिकामा पडदा समोर येतो. सर्व्हरांनी एकमेकांना सार्वजनिक लेखन पुरवण्यासाठी रिले नावाची सोय आहे, पण ती पाणी सोडल्यासारखी सगळंच सोडते, आणि तो भार लहान यंत्राला झेपतोच असं नाही. राहून गेलेली उत्तरं मागवून घेण्याची व्यवस्था मॅस्टोडॉनने २०२५ मध्ये आणली. तिने बरंच सुधारलं, पण ती खूप उशिरा आली.

माझी एक मैत्रीण आहे, नाशिककडची. पक्ष्यांवर मराठीत लिहिते, आणि फार सुंदर लिहिते. ती निसर्गप्रेमींच्या एका छोट्या सर्व्हरवर गेली. माणसं अगत्याची होती, फोटोंचं कौतुक होत होतं, पण सगळं इंग्रजीत. मराठी हा हॅशटॅग तिने फॉलो केला. ही सोय मॅस्टोडॉनच्या नोव्हेंबर २०२२ मधल्या चौथ्या आवृत्तीत आली होती. पडद्यावर काहीच उगवलं नाही. मराठीत लिहिणारे लोक होते, पण ते दुसऱ्या सर्व्हरांवर विखुरलेले, आणि तिच्या सर्व्हरवरून त्यांना कुणी फॉलो करत नव्हतं. शेवटी ती मॅस्टोडॉन डॉट सोशलवर गेली. जाताना फॉलोअर सोबत नेता आले, जुनं लेखन मात्र मागेच राहिलं. मॅस्टोडॉनमध्ये अजून तसंच आहे. नव्या जागी पोचल्यावर तिला मराठी माणसं दिसायला लागली.

तिचा निर्णय मला पूर्ण पटतो. बोलायला आपलं माणूस लागतं, आणि ते जिथे दिसेल तिथे आपण जाणार. भाषा जितकी लहान, तितकी तिच्या लोकांना मोठ्या सर्व्हरची ओढ जास्त, कारण इंग्रजी बोलणाऱ्याला कुठेही सोबत मिळते, आपल्याला ती शोधावी लागते. केंद्रीकरणाला सत्तेची हाव कारणीभूत असते असं आपण धरून चालतो. इथे माणसांना एकत्र ओढतो तो एकटेपणा. जे विकेंद्रीकरणाच्या बाजूने बोलतात (मीही त्यातलीच), त्यांनी हे आधी मान्य करायला हवं. नव्या माणसाला तत्त्वज्ञान सांगून रिकाम्या खोलीत बसवता येत नाही.

भारताने याचा अनुभव एकदा घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस बंद केलं. निमित्त होतं ऑगस्ट लांडमेसरच्या त्या प्रसिद्ध छायाचित्राचं: १९३६ चं हॅम्बुर्ग, नाझी सलाम ठोकणारी गर्दी आणि हात बांधून उभा एकटा माणूस. खातं परत मिळालं, मग गोरख पांडेय यांच्या एका कवितेवरून पुन्हा गेलं. त्या नोव्हेंबरात भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते, विद्यार्थी मोठ्या संख्येने मॅस्टोडॉनवर आले. मस्क यांच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. जगातल्या मॅस्टोडॉनच्या इतिहासात ती चारदोन ओळींत उरकली जाते. काही आठवडे टाइमलाइन हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगाली, मराठीने भरून गेली होती. मग बहुतेक जण परतले.

का परतले याची उत्तरं अनेक आहेत. ट्विटरवर मंत्री होते, पोलीस होते, रेल्वे होती, वाहिन्या होत्या. ज्यांना सवाल करायचा ते सगळे तिथेच होते. पण आणखी एक गोष्ट मला तेव्हाही खुपली होती. आलेले लोक बहुतांश परदेशातल्या अनोळखी अ‍ॅडमिनांच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या, सर्व्हरांवर उतरले. तिथे कुणी जातीवरून शिवी घातली आणि तुम्ही तक्रारीचं बटण दाबलं, तर ती तक्रार अशा माणसाच्या टेबलावर जाते ज्याला ती शिवी आहे हेच कळत नाही. देवनागरीतलं एखादं आडनाव नुसतं उच्चारूनही कसं अपमानित करता येतं, हे बर्लिनमधल्या भल्या माणसाला कोण समजावणार? त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्याकडे भाषा नसते. ज्यांच्यावर हल्ले झाले, त्यांनी मग जुनी ओळखीची जागा पत्करली.

इथून माझा विचार सर्व्हर मोजण्यापासून दूर सरकला. फेडिव्हर्सची वाढ किती झाली असं विचारलं की खाती किती, सर्व्हर किती, मोठ्या सर्व्हरचा वाटा किती टक्के, हे आकडे दिले जातात. माझ्या मते मोजायला हवी ती सांभाळणारी माणसं. अ‍ॅडमिन, मॉडरेटर, रात्री डिस्क भरली तर उठणारे, तक्रारी वाचणारे, हिशेब ठेवणारे. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल: पाणी, लिफ्ट, गणपती सगळ्यांना हवं असतं, आणि वार्षिक सभेत सेक्रेटरी कोण होणार हे विचारलं की सगळे चपला शोधायला लागतात. फेडिव्हर्समध्ये सोसायटी बांधणं सोपं आहे. एक दिवसाचं काम आणि महिन्याचं थोडं भाडं. सेक्रेटरी मिळणं अवघड. जिथे तो मिळतो तिथे माणसं जमतात, आणि असे फार थोडे असल्यामुळे माणसं थोड्याच ठिकाणी जमतात.

क्रिस नोवा यांची गोष्ट मला यासाठी पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. त्या सॉफ्टवेअरच्या जगात नावाजलेल्या अभियंता होत्या. २०२२ मध्ये त्यांनी हॅकिडर्म नावाचा सर्व्हर सिअ‍ॅटलमधल्या आपल्या घराच्या तळघरात सुरू केला. तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांसाठी, विशेषतः त्या जगात ज्यांना बाजूला ठेवलं जातं त्यांच्यासाठी. नोव्हेंबर सुरू होताना काहीशे लोक होते. महिना संपता संपता ३० हजारांच्या घरात गेले. मुख्य यंत्राच्या डिस्क दगा द्यायला लागल्या, पोस्ट तासन्‌तास उशिरा पोचू लागल्या. नोवा आणि त्यांचे स्वयंसेवक जगभरातून जागत बसले. काय बिघडतंय, का बिघडतंय, पुढे काय करणार आहोत, हे सगळं त्यांनी उघड्यावर लिहिलं, काही काम तर लोकांसमोर थेट प्रक्षेपित करत केलं. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळा डोलारा तळघरातून हलवून जर्मनीतल्या हेट्झनर या कंपनीच्या यंत्रांवर नेला.

इथवर ही एका हुशार बाईच्या हिमतीची कहाणी आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सर्व्हर मार्गी लागल्यावर नोवा तो स्वतःच्या मुठीत ठेवून बसल्या नाहीत. मॉडरेटरांचा गट बांधला, कामं वाटली, नियम लिहून काढले, आणि प्रकल्पांच्या मागे उभी राहील अशी सभासदांची ना-नफा संस्था उभी केली, निवेन्ली फाउंडेशन. ऑगस्ट २०२३ मध्ये गिर्यारोहण करताना झालेल्या अपघातात त्या गेल्या. हॅकिडर्म सुरू राहिला. जिने उभा केला तीच अचानक नाहीशी झाली आणि हजारो लोकांना दुसरं घर शोधावं लागलं नाही. विकेंद्रीकरणाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

उलट उदाहरणंही आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये हजारो वापरकर्त्यांचा एक लोकप्रिय सर्व्हर त्याच्या एकट्या अ‍ॅडमिनने बंद करायचं जाहीर केलं. एका वादात दोन्ही बाजूंकडून येणाऱ्या शिव्या त्याला सहन होईनात. त्याने लोकांना निघायला वेळ दिला, हे त्याचं सौजन्य. जपानमध्ये एप्रिल २०१७ मध्ये एका विद्यार्थ्याने सुरू केलेला एमएसटीडीएन डॉट जेपी काही दिवसांत जगातल्या सर्वांत मोठ्या सर्व्हरांत गेला. २०२० मध्ये तो बंद होण्याच्या काठावर आला, मग एका कंपनीने चालवायला घेतला. त्याच एप्रिल २०१७ मध्ये पिक्सिव्ह या चित्रकारांच्या कंपनीने काढलेला पावू मॅस्टोडॉन डॉट सोशलपेक्षाही मोठा झाला होता. तोही पुढे एकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला. त्या खरेदी-विक्रीत तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. कंपनी मोठी असो की माणूस भला असो, सांभाळणारा एकच असला की त्याच्या थकण्यावर, विकण्यावर, मरण्यावर सगळी वस्ती टांगलेली.

नुसते सर्व्हर वाढल्याने काय होतं तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसलं. फेडिव्हर्सवर स्पॅमची मोठी लाट आली. हल्लेखोरांनी बरोबर असे छोटे सर्व्हर हेरले, जिथे नोंदणी खुली होती आणि लक्ष द्यायला कुणी नव्हतं. कुणीतरी कधीतरी उत्साहाने लावून विसरून गेलेले. तिथे खाती उघडून त्यांनी साऱ्या जाळ्यावर कचरा ओतला, आणि तो निस्तरत बसले दुसऱ्या सर्व्हरांवरचे मॉडरेटर. विकेंद्रीकरणाच्या आकडेवारीत ते ओसाड सर्व्हरही मोजले जात होते.

लेमीची गोष्ट त्याआधीची, जून २०२३ ची. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने बाहेरच्या ॲपांसाठी जबर दर लावले, लोक चिडून लेमीवर आले, आणि नोंदणी सताड उघडी ठेवणारा लेमी डॉट वर्ल्ड हा नवाकोरा सर्व्हर बघता बघता मोठा झाला. बीहॉ नावाचा जुना, शांतपणे चालणारा सर्व्हर होता. तिथे अर्ज वाचून लोकांना आत घेत. तिथल्या मूठभर अ‍ॅडमिनांनी लेमी डॉट वर्ल्डशी आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. कारण त्यांनी साधं दिलं: बाहेरून येणाऱ्या इतक्या लोकांवर लक्ष ठेवायला आमचे हात पुरत नाहीत. त्यांच्यावर टीका झाली, कोतेपणाचा आरोप झाला. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला. जेवढ्यांची काळजी घेता येईल तेवढ्यांनाच दार उघडायचं, असं म्हणायला धैर्य लागतं, खास करून जेव्हा सगळं जग वाढीचे आकडे मोजत असतं.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमाबद्दल लोक विचारतात. ट्विटरच्याच आत २०१९ मध्ये त्याची कल्पना जाहीर झाली, नंतर जे ग्रेबर यांच्या नेतृत्वाखाली ती वेगळी कंपनी झाली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ब्लूस्कायने २ कोटी वापरकर्ते ओलांडले. तिथली रचना वेगळी आहे. खातं हलवताना जुनं लेखन आणि ओळख दोन्ही सोबत नेता येतात. मॅस्टोडॉनने हे शिकायला हवं. शोध आणि चर्चा यांचा तो रिकामा पडदाही तिथे नाही, कारण सगळं एकत्र गोळा करणारी यंत्रणा मुळातच आहे. पण जवळजवळ सगळी खाती कंपनीच्याच यंत्रांवर आहेत. ॲक्टिव्हिटीपबच्या लेखकांपैकी एक, क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये याची सविस्तर चिकित्सा केली, आणि ती अजूनही लागू आहे.

तिथे ब्लॅकस्कायकडे मात्र मी मोठ्या आशेने पाहते. रूडी फ्रेझर यांनी कृष्णवर्णीय वापरकर्त्यांसाठी आधी एक फीड, म्हणजे निवडक लेखनाचा प्रवाह, काढलं. लोक जमले. मग वर्णद्वेषी छळ ओळखणारी, आपल्या लोकांनीच चालवलेली मॉडरेशनची सेवा आली. आणि त्यानंतर, सर्वांत शेवटी, स्वतःचे सर्व्हर आणि स्वतःचा रिले. आधी माणसं, मग त्यांची राखण, मग यंत्रं. फेडिव्हर्समध्ये आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा लावला.

मोठं असणं आणि धोकादायक असणं यांत फरक आहे, हेही सांगायला हवं. गूगलचं टॉक हे निरोप पाठवायचं ॲप एकेकाळी एक्सएमपीपी या खुल्या नियमावलीने बाहेरच्या लहान सर्व्हरांशी बोलायचं. २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गूगलने ते दार मिटत नेलं, आणि लहान सर्व्हरवरच्या लोकांना त्यांचे बहुतेक मित्र अचानक दिसेनासे झाले, कारण मित्र सगळे गूगलकडे होते. मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत १० कोटी खाती झाली. वर्ष सरता सरता त्याने फेडिव्हर्सशी जोडणी करून पाहायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक अ‍ॅडमिनांनी आगाऊच त्याला बंदी घातली, ती याच आठवणीने. मॅस्टोडॉन डॉट सोशल त्या जातीचा नाही. तो नफ्यासाठी चालवला जात नाही. रोख्को यांनी जानेवारी २०२५ मध्ये मालकी युरोपातल्या नव्या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रमुखपदही सोडलं. ज्याच्या हाती सारं होतं त्याने ते स्वतःहून सोडावं, ही आजच्या तंत्रज्ञानाच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरीही लाखो लोकांची राखण एका गटाने करणं, त्यातही ज्या भाषा त्या गटाला येत नाहीत त्या भाषांतल्या लोकांची, हा प्रश्न उरतोच.

म्हणून मला मराठीचा स्वतःचा सर्व्हर हवासा वाटतो. अस्मितेचा झेंडा म्हणून नाही. आधी सांगितलेली यंत्रणाच इथे आपल्या बाजूने वळते. सर्व्हरला तेवढंच ठाऊक असतं जेवढं त्याचे रहिवासी आणतात. मग जिथे पन्नास मराठी माणसं राहतात आणि जगभर विखुरलेल्या मराठी लिहिणाऱ्यांना फॉलो करतात, त्या सर्व्हरवर मराठीसाठी लाखोंच्या सर्व्हरपेक्षा जास्त सापडेल. स्थानिक टाइमलाइन, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या लोकांचं लेखन, उघडली की सगळं आपलंच. माझ्या मैत्रिणीला जे शोधायला मोठ्या सर्व्हरवर जावं लागलं, ते इथे दारातच भेटेल. आणि तक्रार आली तर ती वाचणाऱ्याला शिवी कळेल.

अडचणी मला ठाऊक आहेत. पैसा त्यातली लहान. सोशल डॉट कोऑप नावाचा सर्व्हर २०१७ पासून सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद आपापल्या ऐपतीनुसार वर्गणी भरतात आणि निर्णय मिळून घेतात. सहकार काय करू शकतो हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको, आणि सहकारी संस्थेची सूत्रं हळूहळू एकाच घरात कशी जातात हेही. म्हणून पदाची मुदत, हिशेब उघडे, आणि किमान तिघांकडे सर्व्हरच्या किल्ल्या, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावं लागेल.

कायद्याची अडचण मोठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार लोकांचं लेखन ठेवणाऱ्या मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि निकाल ठरावीक मुदतीत (२०२१ च्या मूळ नियमांत ती १५ दिवसांची होती). ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असतील तर जादा जबाबदाऱ्या आहेत, पण ही मूळ अट लहान-मोठ्या सगळ्यांना सारखी. हजारो पगारी लोक असलेल्या कंपनीला ती झेपते. संध्याकाळी नोकरीवरून येऊन सर्व्हर पाहणाऱ्याला ती धडकी भरवते. मोठ्यांना आवर घालायला केलेले नियम लहानांना मोठ्यांच्या वळचणीला ढकलतात, आणि एकवटण्याच्या कारणांत हे कारण सहसा कुणी धरत नाही. सरकारकडे मागायचंच असेल तर मी हे मागेन: विनानफा, स्वयंसेवी, अमुक इतक्या सभासदांपर्यंतच्या सर्व्हरांना झेपतील अशा वेगळ्या मुदती.

आणि हात. मराठी माणूस पुण्यात आहे, नागपुरात आहे, पणजीत आहे, इंदूर-बडोद्यात आहे, तसाच लंडनला, न्यू जर्सीला, बे एरियात आणि मेलबर्नला आहे. इथे मध्यरात्र असते तेव्हा कॅलिफोर्नियात दुपार व्हायला आलेली असते. चोवीस तासांची पोच द्यायला कुणी रात्र जागायची गरज नाही. पाळ्या आपोआप पडतात. परदेशातल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सव, शाळा, नाटकं वर्षानुवर्षं वर्गणी काढून आणि कामं वाटून चालवली आहेत, त्यामुळे सेक्रेटरी व्हायला तयार असणारी माणसं आपल्याकडे मुळातच नाहीत असं मला वाटत नाही. त्यांना हे काम आपलं आहे असं अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

सुरुवात सर्व्हर भाड्याने घेण्यापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी पाच-सहा जण ठरावेत, निदान तीन वेगवेगळ्या वेळपट्ट्यांतले, त्यात निम्म्या तरी बायका, आणि ज्यांना जातीवरून येणारी शिवी पुस्तकातून नव्हे तर अंगावर आलेली माहीत आहे असे लोक. त्यांनी मराठीत नियम लिहावेत: काय चालणार, काय नाही, तक्रार कुठे करायची, अ‍ॅडमिनविरुद्धची तक्रार कुणाकडे जाणार, आणि सर्व्हर बंद करायची वेळ आली तर लोकांना किती महिने आधी सांगणार. हे शेवटचं कलम मी सर्वांत आधी लिहून घेईन. मग नोंदणी सुरू करावी, ती अर्ज वाचून, आणि पहिल्या वर्षी दोनशेच्या वर जाऊ नये. दोनशेंची नीट काळजी घेता आली तर पुढचे दोनशे दुसऱ्या सर्व्हरवर, दुसऱ्या पाच-सहा जणांकडे. मालवणीत किंवा वऱ्हाडीत लिहिणाऱ्यांना वेगळा हवा असेल तर तो वेगळा. दोघांना एकमेकांशी बोलता येणारच आहे.